आईकडून आलं, म्हणून आईचं चुकलं?

मागच्या अंकात एका वाचकाने 'अँजेलमन सिंड्रोम म्हणजे काय' असं विचारलं होतं. मी चार ओळींत उत्तर दिलं होतं: पंधराव्या गुणसूत्रावरचं यूबीई३ए नावाचं जनुक मेंदूत काम करेनासं झालं की होणारा आजार. मूल उशिरा चालतं, जवळजवळ बोलत नाही, फिट्स येतात, झोप कमी असते आणि हसतं फार. साधारण बारा ते वीस हजार जन्मांमागे एक. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्यात दुसरा विषय घेतलेलाच नाही. मधुमेहवाल्यांनी जरा धीर धरावा.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. हात वर धरून, पाय फाकवून चालते. एक शब्द बोलत नाही, पण दिवसभर हसते. पाण्याची बादली दिसली की तिथून हलत नाही. दोन वर्षांची असताना फिट्स सुरू झाल्या. तेव्हा केलेली जनुकीय चाचणी 'नॉर्मल' आली आणि 'अँजेलमन नाही' असं सांगण्यात आलं. या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, तर यूबीई३एमध्ये बदल सापडला. मग आम्हा दोघांचं रक्त घेतलं. बदल माझ्यात आहे, ह्यांच्यात नाही. सासूबाई म्हणतात, 'आमच्याकडे सात पिढ्यांत असलं काही नाही, हे हिच्या माहेरचं.' पण माहेरी कुणालाच काही नाही. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, सत्तरी उलटली तरी हिशेब तोंडपाठ. मी स्वतः बी.कॉम. आहे. मग हा बदल मला का बाधला नाही? दुसरं मूल होऊ द्यावं का? धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय, तिला सांगावं का?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुम्हाला का बाधलं नाही ते आधी सांगते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची, आणि दोन्ही काम करतात. यूबीई३एसुद्धा त्वचेत, रक्तात, यकृतात असंच वागतं. मेंदूतल्या चेतापेशींत मात्र फक्त आईकडून आलेली प्रत चालू असते. वडिलांकडची तिथे बंद ठेवलेली असते. कशी? त्या गुणसूत्रावर उलट्या दिशेने एक लांबलचक आरएनए तयार होतो, तो यूबीई३एच्या अंगावरून जातो आणि ते जनुक वाचलंच जात नाही. यात रोग काही नाही. तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्या, सगळ्यांच्या मेंदूत हे असंच आहे.

आता तुमचं. तुमच्यातला बदल बहुधा बाबांकडून आलेल्या प्रतीवर आहे. ती प्रत तुमच्या मेंदूत तशीही बंदच होती. तुमचं सगळं शिक्षण, संसार, हे पत्रसुद्धा, तुमच्या आईकडून आलेल्या चांगल्या प्रतीवर झालं. पण स्त्रीबीज तयार होताना 'ही वडिलांकडची' ही जुनी खूण पुसली जाते आणि 'ही आईकडची' अशी नवी बसते. तुमच्या मुलीला दोन प्रतींपैकी नेमकी बदललेली गेली, आणि तिच्या मेंदूला काम करायला तेवढी एकच होती. बाबांनाही ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली असेल किंवा त्यांच्या वडिलांकडच्या प्रतीत नव्याने घडली असेल, म्हणून वजनकाट्यावरचे हिशेब कधी चुकले नाहीत.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. हाच बदल तुमच्या यजमानांत असता तर ते आज आहेत तसेच धडधाकट असते आणि त्यांची मुलंही. आजार दिसला असता तो त्यांच्या मुलीच्या मुलांत, आणि तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी सासूबाई म्हणाल्या असत्या, 'हे हिच्या माहेरचं.' बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला असा हा बदल पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप जातो. त्यामुळे सात पिढ्यांची शपथ कुठल्याच घराण्याने घेऊ नये. आणि वडिलांच्या बाजूचं गुणसूत्र नेहमी निर्दोष असतं असंही नाही. पंधराव्या गुणसूत्राचा हाच तुकडा वडिलांकडून आलेल्या प्रतीत गळाला तर प्रॅडर-विली सिंड्रोम होतो. ती मुलं तान्हेपणी ढिली पडलेली असतात आणि पुढे त्यांची भूकच भागत नाही.

पहिली चाचणी नॉर्मल का आली? ती मेथिलेशनची, म्हणजे 'ही आईकडची, ही वडिलांकडची' या खुणा तपासणारी असणार. अँजेलमन होण्याचे चार रस्ते ठाऊक आहेत. सुमारे ७० टक्के मुलांत आईकडच्या गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. काहींत दोन्ही प्रती वडिलांकडूनच आलेल्या असतात. काहींत आईकडच्या प्रतीवर चुकून वडिलांची खूण बसलेली असते. हे तिन्ही प्रकार मेथिलेशनच्या चाचणीत सापडतात, म्हणजे सगळे मिळून ८० टक्क्यांच्या आसपास. चौथा प्रकार तुमच्या मुलीचा: खूण बरोबर, तुकडा जागेवर, पण जनुकातलं अक्षर बदललेलं. तो दिसायला जनुकाचा क्रम वाचावा लागतो. पहिल्या रिपोर्टचं शेवटचं पान काढून बघा. 'या चाचणीने सर्व प्रकार वगळले जात नाहीत' अशा अर्थाची ओळ बहुतेक रिपोर्टांत तळाला बारीक टायपात असते. ती न वाचता 'अँजेलमन नाही' असं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. वर्षं जातात यात.

दुसऱ्या मुलाचं. तुमच्या बाबतीत प्रत्येक गरोदरपणात शक्यता निम्मी. हीच मुलगी तुकडा गळालेल्या प्रकारातली असती तर पुन्हा होण्याची शक्यता सहसा एक टक्क्याहूनही कमी असती. म्हणून 'अँजेलमन आहे' एवढ्या कागदावर कुणी दुसऱ्या मुलाचा सल्ला देत असेल तर तिथून उठा आणि आधी प्रकार कोणता ते विचारा. तुमच्यातला बदल नेमका माहीत असल्यामुळे गर्भाची तपासणी करता येते: अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा कण घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि लिंग सांगितलं जात नाही. दिवस राहायच्या आधीच जनुकतज्ज्ञांना भेटून ठेवा. नंतर धावपळीत आठवडे निसटतात. तपासणी करायची का, आणि आलेल्या उत्तरावर काय करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. त्यात मी पडणार नाही, सासूबाईंनीही पडू नये.

बहिणीला सांगा. मात्र आधी बाबांचं रक्त तपासा. त्यांच्यात बदल निघाला तर बहिणीत असण्याची शक्यता निम्मी, भावात असेल तर त्याच्यातही तितकीच. बाबांच्यात नाही निघाला तरी बहिणीची तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित तो फक्त काही बीजपेशींत असतो आणि रक्तात दिसत नाही. आता नेमकी जागा ठाऊक आहे, तेव्हा सगळं जनुक वाचायची गरज नाही, तेवढंच ठिकाण तपासतात आणि खर्चही कमी येतो. मुलीच्या रिपोर्टची प्रत सोबत द्या. आणि ही गोष्ट तिच्या कानावर तुमच्याकडूनच जावी, बस्त्याच्या दुकानात कुठल्या आत्याबाईंकडून नको.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते. पुस्तकात यूबीई३ए हे 'प्रथिनांचं विघटन करणाऱ्या एन्झाइमचं जनुक' असं आहे. मग ते बिघडलं तर प्रथिनं साचतील, एवढंच ना? मेंदूचं इतकं नुकसान का होतं?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : शाब्बास, पण पहिल्याच वाक्यात एक दुरुस्ती कर. यूबीई३एचं एन्झाइम स्वतः कशाचेही तुकडे करत नाही. रस्तारुंदीत जाणाऱ्या घरांच्या भिंतींवर पालिकेची माणसं आधी रंगाने खूण करून जातात आणि बुलडोझर मागाहून येतो, ते आठव. आपलं एन्झाइम म्हणजे तो खूण करणारा. खूण म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. आणि तुकडे करतो तो प्रोटिअसोम.

काम तीन टप्प्यांत चालतं. ई१ एन्झाइम एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून युबिक्विटिनला तयार करतं, ई२ ते पुढे नेतं आणि ई३ ते नेमक्या प्रथिनावर चिकटवतं. माणसात ई१ दोनच, ई२ चाळीसच्या घरात आणि ई३ सहाशेहून जास्त. कारण उघड आहे: कुणाला पाडायचं ही निवड ई३ करतं. यूबीई३ए हे ई३ आहे. त्याची एक खोड लक्षात ठेव. बरीच ई३ फक्त ई२ला आणि लक्ष्याला एकमेकांजवळ आणतात. हे मात्र युबिक्विटिन आधी स्वतःच्या एका सिस्टीन या अमिनो आम्लावर घेतं आणि मग पुढे लावतं. असं करणाऱ्या एन्झाइमांच्या सगळ्या कुळाला 'हेक्ट' हे नाव याच्यावरूनच पडलं. युबिक्विटिनच्या या व्यवस्थेच्या शोधाला २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं: आरॉन चिहानोव्हर, अवराम हेर्श्को आणि अर्विन रोझ. पहिले दोघे इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्निऑनचे. परीक्षेत विचारतील.

'साचतील, एवढंच ना' मधला 'एवढंच' काढून टाक. आपण काही शिकतो तेव्हा चेतापेशींमधले जोड काही ठिकाणी घट्ट होतात, काही ठिकाणी सैल. त्यासाठी त्या जागची प्रथिनं वेळेवर यावी लागतात आणि वेळेवर जावीही लागतात. लहान मुलाच्या मेंदूत ही घाई सर्वांत जास्त. बाकी अवयवांत दोन्ही प्रती चालू असल्यामुळे एक गेली तरी निभतं, चेतापेशीत मुळात एकच चालू. आणि कमी झालं तर वाईट म्हणून जास्त चांगलं असंही नाही. आईकडून आलेल्या गुणसूत्रात हा तुकडा दुप्पट झाला तर स्वमग्नता, फिट्स, स्नायूंचा ढिलेपणा असा वेगळा आजार होतो.

गंमत अशी की हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते मेंदूच्या आजारात नव्हे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अभ्यासात. एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार ई६ नावाचं प्रथिन बनवतात. ते आपल्या या एन्झाइमला धरतं आणि पी५३ या रखवालदार प्रथिनावर खूण करायला लावतं. पी५३ नष्ट झालं की पेशीच्या बेबंद वाढीला आवर राहत नाही. एन्झाइमचं जुनं नाव ई६-एपी आहे ते त्यामुळे. अँजेलमनशी त्याचा संबंध १९९७ साली लागला, दोन गटांनी एकाच वेळी दाखवला. तुझ्या वयाच्या मुलींसाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे एचपीव्हीची लस. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे. घरी विषय काढ.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा, अँजेलमन, तुकडा गळालेला प्रकार. एका खासगी क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं आहे, काही लाखांचं. मी शेताचा तुकडा विकायला तयार आहे. दुसरं असं की तो कायम हसतो. म्हणजे त्याला दुःख नाही असं समजायचं का? रात्री दोन वाजता उठून टाळ्या वाजवत बसतो, सुनेचे हाल होतात.
— एक आजोबा, जळगाव जिल्हा

उत्तर : आजोबा, शेत विकू नका. स्टेम सेल टोचल्याने गळालेलं जनुक मेंदूच्या अब्जावधी पेशींत परत येत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णावरचा वापर हा प्रयोग आहे. तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. पॅकेज सांगणाऱ्याला चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. बोलणं तिथेच आटपेल.

हसण्याबद्दल. इंग्लंडात वॉरिंग्टनच्या इस्पितळात हॅरी अँजेलमन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९६५ साली त्यांनी अशा तीन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. इटलीत व्हेरोनाच्या कास्तेलवेक्क्यो संग्रहालयात त्यांनी एक जुनं चित्र पाहिलं होतं, कारोतोचं: हातात बाहुलीचं चित्र घेऊन हसणारा मुलगा. त्यावरून त्यांनी 'कळसूत्री बाहुलीसारखी मुलं' असं नाव दिलं. आईवडिलांना ते रुचलं नाही आणि १९८०च्या दशकात ते मागे पडून डॉक्टरांचंच नाव आजाराला राहिलं.

पण डॉक्टरसुद्धा त्या हसण्याला फसतात. ही मुलं आनंदी असतात हे खरं, मात्र हसू आनंदाचंच असेल असं नाही. पोट साफ नसलं, आंबट वर आलं, कान ठणकला, तरी ती हसतात किंवा जास्त उड्या मारतात. माझ्या ओपीडीत अशी मुलं आली की आधी नळाकडे धावायची. मी वाहू द्यायचे पाणी. मूल नळाशी रमलं की त्याचं पोट निवांत चाचपता यायचं, आणि बद्धकोष्ठाच्या गाठी किती वेळा हाताला लागायच्या! तुमच्या नातवाचं पोट, कान, दात बघून घ्या. झोपेचं निम्मं कारण तिथे सापडू शकतं. उरलेल्यासाठी ठरलेली वेळ, अंधारी खोली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलाटोनिन. तो रात्री उठला तर इजा होणार नाही अशी खोली करा आणि सुनेला आठवड्यातल्या काही रात्री सुट्टी द्या. तुम्ही आजोबा आहात, टाळ्या तुम्हीही ऐकू शकता.

फिट्सची औषधं एकदा मेंदूविकारतज्ज्ञांकडून पुन्हा बघून घ्या. या आजारात कार्बामॅझेपिन आणि व्हिगॅबॅट्रिनने फिट्स उलट वाढू शकतात. लिव्हेटिरासिटॅम, क्लोबाझामसारखी औषधं सहसा बरी मानवतात. चिठ्ठीत यातलं एखादं नाव दिसलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केल्याने जीवावर बेततं. आणि मूल दोन-चार दिवस मलूल, हरवल्यासारखं, लाळ गळणारं दिसलं तर ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढा. झटके न दिसताही मेंदूत फिट चालू असू शकते.

पैसे खर्चायचेच असतील तर बोलण्यावर खर्चा. हा मुलगा तोंडाने फार बोलणार नाही, पण त्याला कळतं त्याच्या कितीतरी पट जास्त. पाणी, भाकरी, बस, नको, अजून, अशी चित्रं छापून लॅमिनेट करा आणि त्याने बोट ठेवलं की लगेच ती वस्तू द्या. मोबाइलवर चालणारी 'जेलो' नावाची सोय आयआयटी मुंबईने बनवली आहे, मराठीतही आहे. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. घरातल्या सगळ्यांनी स्वतः वापरली तरच मूल वापरतं. फिजिओथेरपी सोडू नका, वयात येताना पाठीला बाक येतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा, त्यावर नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच ट्रस्टच्या कायद्याने पालकत्वाचा कागद लागेल, हेही सुनेला आत्ताच सांगून ठेवा. ही मुलं म्हातारी होतात, आजोबा. कागद तयार असावेत.

प्रश्न : मेहुणा बोस्टनला असतो. तो म्हणतो तिकडे 'झोपलेलं जनुक जागं करणारं' इंजेक्शन आलंय. खरं आहे का? मुलीला घेऊन जावं का?
— एक वडील, पुणे

उत्तर : कल्पना खरी आहे आणि सुरेखही. चारही प्रकारांत वडिलांकडून आलेलं यूबीई३ए शाबूत असतं, फक्त बंद असतं. ते उलट्या दिशेच्या आरएनएमुळे बंद आहे, हे वर कराडच्या ताईंना सांगितलं. त्या आरएनएला चिकटून तो नष्ट करणारे डीएनएसारखे छोटे तुकडे बनवले आहेत. ते पाठीच्या मणक्यातून, मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडतात. याची सुरुवात टोपोटेकॅन या कर्करोगाच्या औषधापासून झाली. त्याने उंदरांत बंद प्रत जागी होते, असं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या बेन फिल्पॉट आणि सहकाऱ्यांना २०११ साली आढळलं.

माणसांवरच्या चाचण्या सुरू आहेत, जीटीएक्स-१०२ आणि आयओएन५८२ ही त्यातली दोन नावं. जीटीएक्स-१०२ची पहिली चाचणी २०२०मध्ये काही काळ थांबवावी लागली होती, मोठ्या मात्रेनंतर मुलांच्या पायांत अशक्तपणा आला म्हणून. मुलं सावरली, मात्रा कमी केली, काम पुढे गेलं. मी हे लिहितेय तोवर दुकानात मिळणारं औषध झालेलं नाही. 'आलंय' हा शब्द मेहुण्याचा.

नुसतं उठून बोस्टनला जाऊ नका. चाचणीत घ्यायचं की नाही हे वय आणि जनुकीय प्रकारावर ठरतं, सुया महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि काही मुलांना तुलनेसाठी खोट्या प्रक्रियेच्या, म्हणजे औषध न मिळणाऱ्या, गटात राहावं लागतं. मुलीचा नेमका प्रकार लिहिलेला रिपोर्ट, ईईजी आणि आजवरच्या औषधांची यादी एका फायलीत तयार ठेवा. दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या रुग्णालयांत मुंबईचं केईएम आहे. तिथे एकदा दाखवून या. पुण्याहून सकाळच्या गाडीने होतं.

प्रश्न : आमच्यात मामाची मुलगी करतात, माझंही तसंच झालं. भाच्याला (बहिणीच्या मुलाला) अँजेलमन आहे, जनुकातला बदल, बहिणीकडून आलेला. आम्हाला मूल नाही अजून. नात्यातल्या लग्नामुळे धोका वाढला का?
— सांगली

उत्तर : नात्यातल्या लग्नाचा धोका असतो तो दोन्हीकडून एकच दोष येऊन जुळावा लागणाऱ्या आजारांत, थॅलेसेमियासारख्या. इथे आजाराला आईकडची एकच बिघडलेली प्रत पुरते. त्यामुळे प्रश्न तुमच्या लग्नाचा नाही, तुमच्या बायकोत तो बदल आहे का एवढाच आहे. तुमच्यात असला तरी तुमच्या मुलांना आजार होणार नाही. मुलगी झाली तर मोठेपणी तिला सांगावं लागेल. बायकोचं पाहायचं तर आधी हा बदल तुमच्या बहिणीला कुणाकडून आला ते काढा. वडिलांकडून आला असेल तर मामांच्या घराचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईकडून आला असता तर बहीण स्वतः आजारी असती, आणि पत्रावरून ती धडधाकट दिसते. तेव्हा वडिलांचं आणि तुमचं रक्त द्या. बायकोला सुई टोचायची बहुधा गरज नाही.